एका चाकूला तीन गज

उत्तर प्रदेशातील रामपूर शहरात मार्च २०२३ मध्ये एका चौकात वीस फूट उंचीचा चाकू उभा करण्यात आला. चौकाचे नाव पडले चाकू चौक. काम शहराच्या विकास प्राधिकरणाचे. खर्च पन्नास लाखांच्या वर गेला. उद्घाटनाला कलेक्टर आले, आमदार आले, फोटो छापून आले. त्याच शहरात हातात हातोडी व कानस घेऊन खरा रामपुरी चाकू बनवणारे कारागीर आता थोडेच उरले आहेत. पुतळा सहसा कुणाचा उभारतात, हे वाचकांना सांगायला नको.

उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्या माणसाला रामपूर म्हटले की आधी रझा लायब्ररी आठवते. रामपूरच्या नवाब युसुफ अली खान यांचे उस्ताद मिर्झा गालिब होते, आणि रामपूर दरबारातून त्यांना दरमहा शंभर रुपये मिळत, हे मास्तरांनी पाठ करून घेतले होते. बाकीच्या हिंदुस्थानला मात्र रामपूर माहीत आहे ते सिनेमातल्या चाकूमुळे. १९६५ सालच्या 'वक्त' चित्रपटात राजकुमार यांच्या तोंडी चाकूवरचा जो संवाद आहे, तो आजही लोक बोलून दाखवतात. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे पडद्यावरच्या प्रत्येक गुंडाच्या खिशात रामपुरी आला. शहराचे नाव मोठे झाले आणि बदनामही झाले.

आमचा धंदा कापडाचा. रामपूरशी आमचा संबंध तिथल्या पॅचवर्कचा. उत्तर प्रदेश सरकारने २०१८ साली 'एक जिल्हा एक उत्पादन' ही योजना काढली, तेव्हा रामपूरच्या वाट्याला हेच पॅचवर्कचे काम आले. चाकूला त्यात जागा मिळाली नाही. मग कापडवाल्याने चाकूवर का लिहावे? कारण हा चाकू, किंवा त्याचा परदेशी धर्तीचा भाऊ, आता आपल्याच बाजारात येऊन बसला आहे. कटलरीच्या दुकानात, मोबाईल कव्हरच्या स्टॉलवर, उरुसाच्या नाही तर जत्रेच्या फुटपाथवर बटण दाबताच पाते बाहेर उडणारा चाकू कंगवे, लायटर आणि की-चेन यांच्या रांगेत मांडलेला दिसतो. विकणारा पोरगा अठरा-वीस वर्षांचा असतो. तो काय विकतो आहे, हे त्याला कुणीही सांगितलेले नसते. आमच्या परिचयाच्या एका कटलरीवाल्याचा असा माल उचलला गेला आणि तो आठ दिवस दुकान बंद ठेवून कोर्टाच्या पायऱ्या चढत होता. मालाची किंमत दोन हजार रुपयेसुद्धा नव्हती.

आधी वस्तू समजून घेऊ. साध्या खिशातल्या चाकूच्या पात्याला नखाची खाच असते. नख अडकवायचे, पाते ओढायचे, पाठीमागची कमान त्याला धरून ठेवते. जुना रामपुरी याच घराण्यातला, पण त्याची कमान जोरदार. पाते पूर्ण उघडले की खटका बसतो आणि तो खटका उचलल्याशिवाय पाते मिटत नाही. दुसरा प्रकार गरारीदार. त्याच्या पात्याच्या बुडाशी दाते असतात आणि उघडताना किर्र किर्र आवाज होतो. सिनेमावाल्यांना हाच आवाज आवडला. तिसरा बटणदार, म्हणजे इंग्रजीत ज्याला स्विचब्लेड म्हणतात तो. यात पाते मिटलेले असतानाच स्प्रिंगचा ताण त्याच्यावर असतो. बटण दाबले की ते आपोआप उडून बाहेर येते, बाजूने किंवा सरळ तोंडातून. पहिल्या दोन प्रकारांत पाते माणसाचा हात उघडतो, तिसऱ्यात स्प्रिंग उघडते. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. कायदा तो कधी करतो, कधी करत नाही.

आता कायदा. देशाचा मुख्य कायदा १९५९ चा शस्त्र कायदा, ज्याला पोलीस आणि वर्तमानपत्रे 'आर्म अ‍ॅक्ट' म्हणतात. त्याखालच्या नियमांच्या यादीत पाचव्या वर्गात तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाले, कट्यारी व चाकू येतात. चाकूसाठी तिथे माप दिले आहे. पाते नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल तर ते शस्त्र. घरकाम, शेती, शास्त्रीय काम व कारखाना यांच्यासाठी बनवलेली हत्यारे यातून वगळली आहेत. १९६२ च्या नियमांत हेच माप होते, २०१६ च्या नव्या नियमांतही तेच राहिले. कापडाच्या भाषेत सांगायचे तर लांबी नऊ इंच, पन्हा दोन इंच. बटण आहे की खटका आहे, याचा त्या मापात उल्लेख नाही.

एवढ्यावर वाचून कुणी म्हणेल की चार इंचांचा बटणदार चाकू विकायला हरकत नाही. इथेच माणूस फसतो. त्याच कायद्याचे कलम ४ असे सांगते की एखाद्या भागातील परिस्थिती पाहून सरकार राजपत्रात अधिसूचना काढून बंदुकीखेरीज इतर हत्यारांवरही निर्बंध घालू शकते. दिल्लीत २९ ऑक्टोबर १९८० रोजी अशी अधिसूचना निघाली. तिच्यात स्प्रिंगचे, गरारीदार, बटणदार आणि इतर कोणत्याही यांत्रिक युक्तीने उघडणारे वा मिटणारे चाकू नाव घेऊन घातले आहेत. माप ठरवले ७.६२ सेंटिमीटर लांब व १.७२ सेंटिमीटर रुंद, किंवा त्याहून मोठे धारदार पाते. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर तीन इंच. पुढे १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने रामपूरमध्ये साडेचार इंचांपेक्षा लांब पात्याचे चाकू बनवण्यास बंदी केली. जुना रामपुरी नऊ ते बारा इंचांचा असे. त्याचा धंदा त्या दिवसापासून बसला.

म्हणजे देशाचा गज नऊ इंचांचा, उत्तर प्रदेशाचा साडेचार इंचांचा आणि दिल्लीचा तीन इंचांचा. रामपूरचा कारागीर सरकारचा हुकूम पाळून चार इंचांचा खटकेदार चाकू बनवतो, नसरुल्ला खान बाजारात विकायला ठेवतो, आणि तोच चाकू दोनशे किलोमीटरच्या आत, दिल्लीच्या दुकानाच्या काउंटरवर गेला की गुन्हा होतो. कापडाच्या बाजारात एका गावचा मीटर दुसऱ्या गावी लहान असता तर आपण ओरड केली असती. पण आपण संघटना असलेले व्यापारी. चाकूवाल्या कारागिराला ओरडायला सभागृह नाही.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट जमेस धरावी लागते. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात व शहरात पंधरा-पंधरा दिवसांचे मनाई आदेश निघत असतात. सण, निवडणूक, मोर्चा, काहीही निमित्त असते. त्या काळात सार्वजनिक ठिकाणी तलवार, भाला, सुरा, लाठी बाळगण्यास मनाई असते. तिथे इंच-सेंटिमीटर कुणी मोजत नाही. वर्तमानपत्रात दर आठवड्याला जी बातमी येते, 'आर्म अ‍ॅक्ट ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा ३७ (१) (३), १३५ प्रमाणे गुन्हा', ती यातूनच येते. कलम २५ खाली अशा हत्यारासाठी कमीत कमी एक वर्ष व जास्तीत जास्त तीन वर्षे शिक्षा आहे. ज्याच्या घरात एकच कमावता आहे त्याने हे आकडे दोनदा वाचावेत.

दुकानदारांनी नीट समजून घ्यावा असा एक निकाल २०२५ साली सर्वोच्च न्यायालयातून आला. दिल्लीत एका माणसाजवळ बटणदार चाकू सापडला होता. त्याच्यावर १९८० च्या त्या अधिसूचनेखाली खटला भरला गेला. न्यायालयाने अधिसूचनेचा मजकूर पाहिला. मनाई होती ती असा चाकू बनवणे, विकणे, किंवा विक्रीसाठी वा चाचणीसाठी जवळ ठेवणे याची. आरोपपत्रात हा चाकू विक्रीसाठी होता असा एक शब्दही नव्हता. खटला रद्द झाला. पुष्कळांनी ही बातमी वाचून असा अर्थ काढला की बटणदार चाकू आता मोकळा झाला. आमच्या समजुतीप्रमाणे व्यापाऱ्यासाठी अर्थ नेमका उलटा आहे. ज्याच्या खिशात एक चाकू सापडला तो सुटला. ज्याच्या काउंटरवर डझन मांडलेले आहेत, भावाची चिठ्ठी लावलेली आहे, तो 'विक्रीसाठी नव्हते' असे कोणत्या तोंडाने सांगणार? त्या अधिसूचनेचा सगळा भार दुकानदाराच्या खांद्यावर आहे. निकाल दिल्लीच्या अधिसूचनेवरचा आहे, हेही विसरू नये. आपल्याकडचा मनाई आदेश जवळ बाळगण्यावरच असतो.

ज्यांनी माल आणला आणि ज्यांनी पोचवला त्यांचे काय? मे २०१८ मध्ये औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) दंगलीनंतर काही दिवसांतच पोलिसांनी कुरिअरमधून आलेल्या तलवारी व चाकू पकडले. लोकांनी ते मोबाईलवरून मागवले होते. खेळणी, शोभेच्या वस्तू अशा सदरात ते विकले जात होते. आजही मोबाईल उघडला की 'कॅम्पिंग', 'आउटडोअर', 'गिफ्ट' अशा नावाखाली घडीचे चाकू ढिगाने दिसतात. फुटपाथवरचा पोरगा दिसतो म्हणून पकडला जातो, आणि गोदामात बसलेला, ज्याच्याजवळ वकील आहे, तो 'आम्ही फक्त मध्यस्थ' म्हणून बाजूला होतो. छोट्या विक्रेत्याला ही तक्रार करण्याचा हक्क आहे. पण त्या तक्रारीने त्याचा जामीन होत नाही.

आमचे मत विचाराल तर दोन्ही बाजूंचे लोक आम्हाला पटत नाहीत. एक बाजू म्हणते, हा हुन्नर नवाबी काळापासूनचा आहे, त्याला हात लावू नका. दुसरी म्हणते, सगळे चाकू बंद करा, गुन्हे कमी होतील. पहिल्यांना आम्ही विचारतो की, बटण दाबताच डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उघडणारे पाते कोणत्या कामाला लागते? आंबा कापायला? गठ्ठ्याची सुतळी कापायला? आमच्या गोदामात दिवसाला शंभर गाठी उघडतात आणि त्याला दहा रुपयांचे कटर पुरते. ज्या वस्तूची खुबी फक्त दचकवण्यात आहे ती विकून मिळालेला नफा आम्हाला तरी मानवणार नाही. अमेरिकेने १९५८ साली अशा चाकूच्या राज्याराज्यांतील व्यापारावर बंदी घातली. ब्रिटनने १९५९ साली विक्री बंद केली आणि २०२१ पासून तो घरात ठेवणेही गुन्हा केला. मात्र ब्रिटनने त्या वेळी लोकांकडून चाकू जमा करून घेताना भरपाईची योजनाही ठेवली होती.

दुसऱ्या बाजूला आमचे म्हणणे असे की, गुन्हा करणाऱ्याला रामपुरीची वाट पाहावी लागत नाही. पुण्यात २०२२-२३ मध्ये ज्या हत्याराने दहशत घातली ते उसाच्या फडातले हत्यार होते, कोयता. सरकारने कोयता बंद केला का? करताच आला नसता, ऊसतोड थांबली असती. तिथे पोलिसांनी विक्रेत्यांना, कोयता घेणाऱ्याचे आधार कार्ड बघून नोंद ठेवा, असे सांगितले. हा उपाय किती चालला ते वेगळे, पण रीत बरोबर होती. वस्तू राहिली, विक्रीवर नजर आली. कोयत्याला जी समज दाखवली ती रामपूरच्या हाताने उघडणाऱ्या चाकूला का दाखवू नये? त्याला 'इतर कोणतीही यांत्रिक युक्ती' या गाठोड्यात बांधून बटणदाराबरोबर फेकून देणे हा न्याय नव्हे.

मेरठची कात्री पाहा. आमच्या धंद्यात तिच्याशिवाय पान हलत नाही. शिंप्याची दहा-बारा इंची कात्री कोणत्याही रामपुरीइतकीच घातक आहे. तिला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, कारागिराला नाव मिळाले. दोन्ही शहरांत लोखंड तेच, भट्टी तीच. एकाच्या मालाला सरकारी शिक्का मिळाला, दुसऱ्याच्या मालाचा चौकात पुतळा झाला.

करायचे असेल तर अवघड नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ५ मध्ये ठरावीक वर्गातील हत्यारे बनवण्या-विकण्यासाठी परवान्याची व्यवस्था आहेच. घडीच्या चाकूसाठी केंद्र सरकारने सगळ्या देशाला एकच माप ठरवावे आणि बटणाने उडणारा व हाताने उघडणारा यांत स्पष्ट फरक लिहावा. जुन्या लांबीचा चाकू शोकेससाठी बनवायचा असेल तर बिनधारेचा बनवू द्यावा. दिल्लीच्या अधिसूचनेतही शब्द 'धारदार पाते' असाच आहे. आणि प्रत्येक पात्यावर कारागिराचे नाव, गावाचे नाव व लांबी ठोकलेली असावी, जशी मिलच्या कापडाच्या किनारीवर मिलची छाप असते. छाप असलेला माल कोण लपवून विकेल? नकली माल आपोआप वेगळा पडेल. हे सगळे हिंदी, उर्दू, मराठीत छापून बाजारात लावावे. १९८० ची ती अधिसूचना आजपर्यंत किती फेरीवाल्यांना वाचता आली असेल, याचा हिशेब करायला पाटी-पेन्सिल लागणार नाही.

तोपर्यंत आपल्या दुकानदारांनी बटणदार माल ठेवू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो. नफा एका नगावर वीस-तीस रुपये, आणि धोका वर्षा-दोन वर्षांचा. ज्यांच्याकडे आधीच पडून आहे त्यांनी तो फुटपाथवाल्याच्या गळ्यात मारू नये, वकिलाचा सल्ला घेऊन त्याची वाट लावावी. कात्री, सुरी, अडकित्ता, खाटकाचा सुरा यांचा धंदा करणाऱ्यांनी घाबरण्याचे कारण नाही. ही कामाची हत्यारे आहेत आणि कायद्याने ती वेगळी ठेवली आहेत. तरीसुद्धा बकरी ईदच्या आधी सुऱ्यांना धार लावून नेणाऱ्यांनी दुकानाचे बिल किंवा धार लावल्याची पावती जवळ ठेवावी, सुरा फडक्यात बांधून पिशवीच्या तळाशी ठेवावा, स्कूटरच्या हँडलला लटकवून मिरवू नये. ईदच्या दिवसांत मनाई आदेश बहुधा लागू असतोच. नाक्यावरच्या हवालदाराला ते हत्यार कशासाठी आहे, हे बिलावरून पटकन कळते. तोंडाने समजावायला वेळ लागतो.

घाऊक माल आणणारे एजंट 'सगळीकडे चालतो, काही होत नाही' असे म्हणतात. त्यांना एकच सांगावे की बिलावर मालाचे नाव व पात्याची लांबी लिहून द्या. त्या कटलरीवाल्याच्या मालाचे बिल आम्ही मागवून पाहिले. चोवीस नग होते, आणि बिलावर लिहिले होते: की-चेन, मिक्स.